हरवलेलं पान: टॅरोचा ‘मनोरा’ पंधराव्या शतकाच्या रीतीने घडवण्याची कृती

जुन्या इटालियन चित्रांच्या धर्तीवर टॅरोचा (इटलीतल्या जुन्या चित्रांच्या पत्त्यांचा) कॅट काढायला बसलेले बहुतेक जण सुरुवात चेहऱ्यांपासून करतात. लांबट नाकं, अर्धमिटले डोळे, जुन्या धाटणीचे झगे, आणि सगळं झाल्यावर मागे सोनेरी रंग. असं पान सुबक होतं, पण पंधराव्या शतकातलं वाटत नाही. कारण त्या काळच्या कारखान्यात क्रम बरोबर उलटा होता: सोनं आधी, रंग नंतर. आकृतीची ठाम बाह्यरेषा, मागच्या सोन्यात दाबलेल्या ठशांची जाळी, आकाशाचा अभाव, हे सगळं त्या क्रमातून येतं. क्रम पाळला तर बेताच्या हाताचं पानही त्या जातीचं दिसतं. म्हणून ही कृती चित्रकलेपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे.

एकच पान करायचं आहे. सवड काढून, थरामागून थर वाळू देत केलं तर दोनेक आठवडे जातात. प्रत्यक्ष काम त्यातलं थोडंच, बाकी वाट पाहणं.

कोणतं पान, आणि तेच का

१४५० च्या सुमारास मिलानच्या विस्कोन्ती-स्फोर्त्सा घराण्यासाठी बहुधा ७८ पानांचा एक कॅट रंगवला गेला. फ्रान्चेस्को स्फोर्त्सा त्याच वर्षी मिलानचा ड्यूक झाला. बियांका मारिया विस्कोन्ती ही त्याची बायको. काम बोनिफाचो बेम्बो आणि त्याच्या कारखान्याचं मानलं जातं. आज ७४ पानं शिल्लक आहेत: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारा या संग्रहालयात आणि १३ कोल्लेओनी घराण्याकडे. चार पानं नाहीत: सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार. सैतान आणि मनोरा या कॅटात मुळात होते की नव्हते, यावरही अभ्यासकांत वाद आहे.

आपण मनोरा करणार आहोत. पहिलं कारण व्यवहारी: त्यात चेहरा नसला तरी चालतं, आणि टेम्परात (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात) चेहरा काढणं हे नवशिक्याचं काम नव्हे. दुसरं म्हणजे, समोर मूळ पान नसल्यामुळे नुसती नक्कल करून सुटका होत नाही. बाकीच्या पानांची रीत समजून घेऊन त्यात बसेल असा मनोरा तुम्हालाच उभा करावा लागतो.

आधाराला एक नमुना आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १७ पानं आहेत. ती फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाची म्हणून फार दिवस प्रसिद्ध होती, पण आहेत पंधराव्या शतकातली, इटलीतली. त्यांतल्या मनोऱ्यावर माणूस नाही. तडकलेला बुरूज, ज्वाळा आणि ढासळते दगड, बस्स. मनोऱ्यावरून डोकं खाली करून पडणारी माणसं आपल्या ओळखीची झाली ती पुढच्या काळातल्या छापील पानांमुळे. ती घेऊ नका.

पानावर नाव आणि आकडाही घालू नका. या कॅटात हुकमाच्या पानांवर (मनोरा, सैतान, सूर्य अशा चित्रांच्या पानांवर) दोन्ही नाहीत. पानांचा चढता क्रम खेळणाऱ्यांना तोंडपाठ असावा लागे. हो, खेळणाऱ्यांना. हा हुकमाचा खेळ होता. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली असा कॅट विकत घेतल्याची नोंद सापडते, आणि टॅरोत गूढ अर्थ वाचायची टूम पॅरिसमध्ये निघाली ती १७८१ नंतर. तुम्ही या पानांवर भविष्य बघत असाल तर जरूर बघा, पण आराखडा काढताना गूढ चिन्हांची गर्दी करू नका. मूळ पानं आश्चर्य वाटावं इतकी मोकळी आहेत: सोनेरी पार्श्वभूमी, खाली जमिनीची पट्टी, मधे एकच गोष्ट.

काम सुरू करण्यापूर्वी मॉर्गन लायब्ररीच्या संकेतस्थळावर ही पानं मोठी करून बघा. चेहरे सोडा, कडा बघा. सोनं कुठे संपतं, रंग कुठे सुरू होतो, ठशांच्या रेघा आकृतीपाशी येऊन कशा थांबतात. एक छान सराव आहे: संयम, सामर्थ्य, तारा, चंद्र, सूर्य आणि जग ही सहा पानं दुसऱ्या चित्रकाराने केलेली आहेत. ती बाकीच्यांशेजारी ठेवली की हाताचा फरक दिसायला लागतो. तो फरक तुम्हाला स्वतःहून दिसला म्हणजे डोळा तयार झाला.

हवामान आधी, सामान नंतर

हे काम कोकणात जुलैत काढू नका. सरस सुकत नाही, सोनं घोटायची वेळ सापडत नाही आणि चौथ्या दिवशी अंड्याच्या रंगावर बुरशी चढते. विदर्भातल्या मे महिन्यातही नको. तिथे अस्तर (सोन्या-रंगाखालचा खडू आणि सरसाचा लेप) इतकं झटकन वाळतं की भेगा पडतात. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. थंड देशात राहणाऱ्यांनी हीटर चालू असलेल्या खोलीत पाण्याचं उघडं भांडं ठेवावं.

सामानात सगळ्यात महत्त्वाचा सोन्याचा वर्ख. २३ कॅरेटच्या आसपासचा, सुटा, ८० मिलिमीटर चौरस पानांचा. कागदाला चिकटवलेला मिळतो तो या पद्धतीला चालत नाही. एका पुस्तिकेत साधारण २५ पानं येतात. आपल्याला पाच-सहा पुरतात, पण पहिल्या प्रयत्नात तितकीच वाया जातील असं धरून चला. पितळेचा नकली वर्ख घेऊन पैसे वाचवायचे असतील तर हा लेख इथेच थांबवा. तो जाड असतो, त्याला घोटून आरशासारखी झळाळी येत नाही आणि काही वर्षांत तो काळा-हिरवा पडतो. मिठाईवरचा चांदीचा वर्खही नको: चांदी काळवंडते, आणि जुन्या पानांवरच्या चांदीचं तेच झालेलं आहे.

घोटायला अकीकाचा घोटा लागतो, कुत्र्याच्या सुळ्यासारखा वाकडा. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात विचारा. हा सुळ्याचा आकार उगाच आलेला नाही. १४०० च्या सुमारास चित्रकामाची सविस्तर पोथी लिहिणारा चेन्नीनो चेन्नीनी घोटायला हेमटाइटचा दगड सांगतो, आणि तो नसेल तर कुत्रा, लांडगा, सिंह, बिबट्या अशा मांसाहारी जनावराचा दात.

बाकी किरकोळ: सुती हातकागद, मैदा, खाण्याचं साधं जिलेटिन, चाळलेली खडूची पूड, लाल बोल (सोन्याखाली द्यायची बारीक चिकणमाती), अंडी, रंगांच्या कोरड्या पुडी, ० आणि १ नंबरचे चांगले कुंचले, एक सुई, काचेचा तुकडा. बोलच्या जागी गेरू वापरावा का, असं नेहमी विचारलं जातं. बाजारचा गेरू कणीदार असतो. घोटताना एक कण सुटला तरी सोन्यावर ओरखडा जातो. तयार बोलच घ्या.

पहिली पायरी: पानाचा गाभा

मूळ पानं साधारण १७३ बाय ८७ मिलिमीटरची आहेत, म्हणजे आपल्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी. कागदाचे थर एकावर एक चिकटवून गाभा केलेला. पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा तसा कुठलाही सुती, आम्लविरहित कागद घ्या. पानापेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे चार तुकडे कापा. मैद्याची पातळ खळ शिजवून गार करा, गाळा, रुंद ब्रशने लावा आणि थर मधून बाहेर दाबत चिकटवा. मग टीपकागदात घालून जड वजनाखाली दोन दिवस. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला.

आपल्याकडच्या गंजिफाची कृती माहीत असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवत, वर अस्तर देत, दगडाने घोटत आणि शेवटी लाखेचा हात फिरवत. नातंही अगदीच लांबचं नाही. गंजिफासारखेच युरोपातले पत्तेही मुसलमानी देशांतून पोचले. इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांतले पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या इटलीत पेले, नाणी, तलवारी आणि दंडुके झाल्या. तुमच्याकडे चिंचोक्याची खळ करायची सवय असेल तर खुशाल तीच वापरा. पकड जास्त चांगली येते. फक्त मोरचूद घालू नका. वर अंडं आणि सोनं यायचं आहे, खाली तांब्याचा क्षार नको.

दुसरी पायरी: अस्तर

१०० मिलिलिटर पाण्यात ७ ग्रॅम जिलेटिन तासभर भिजवा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलं की चिकटपणा जातो. या सरसाचा एकेक हात पानाच्या दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूला दिलात तर पान पापडासारखं वळेल.

सरस वाळल्यावर उरलेल्या कोमट सरसात खडूची पूड वरून भुरभुरत टाका. ढवळू नका, तिला स्वतःहून बुडू द्या. ढवळलं की बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुड्याचं पुढे सोन्यात एक भोक होतं. पातळ सायीइतकं झालं की हलकेच एकजीव करा. त्यात मधाचे दोन-तीन थेंब घाला. लाकडी फळीवरच्या अस्तराला याची गरज नसते, पण कागद वाकतो आणि कोरडं अस्तर तडकतं. मध हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि अस्तर किंचित नरम राहतं. जास्त झाला तर मात्र दमट हवेत ते चिकट राहील.

पाच पातळ हात, एक आडवा तर पुढचा उभा, प्रत्येक हात बोटाला गार लागेनासा झाल्यावर पुढचा. दुसऱ्या दिवशी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासा. पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा झाला पाहिजे. इथे आळस केलात तर पुढे सोनं चुगली करतं: घोटल्यावर खालचा प्रत्येक खळगा दुप्पट मोठा दिसतो.

तिसरी पायरी: रेखाटन आणि कोरीव रेघ

चित्र वेगळ्या कागदावर पक्कं करा. खाली पाचवा भाग जमिनीचा, त्यावर दगडी कडा, मधे किंचित डावीकडे बुरूज. वरचा कठडा फुटून एका बाजूला कललेला, खिडक्यांतून आणि माथ्यातून ज्वाळा, हवेत पाच-सहा दगड. दगड कमीच ठेवा, आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. यथार्थदर्शन फार बिनचूक करू नका. बुरुजाची पुढची आणि बाजूची भिंत दोन्ही जवळजवळ समोरून दिसल्या तरी चालतील.

चित्र पानावर उतरवून घ्या. मग जिथे सोनं आणि रंग एकमेकांना भिडणार ती प्रत्येक रेघ सुईने अस्तरात कोरा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण वरून बोल आणि सोनं चढलं की पेन्सिलची रेघ नाहीशी होते, कोरीव रेघ दिसत राहते. लाकडी फळ्यांवरच्या जुन्या चित्रांतही ती तिरप्या उजेडात दिसते.

चौथी पायरी: सोनं

आता मुख्य काम. पंखा बंद, खिडकी बंद, मुलं आणि मांजर खोलीबाहेर. वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. जवळून शिंक आली तर पान पुन्हा सापडत नाही.

आदल्या रात्री एका अंड्याचा पांढरा भाग घट्ट फेस येईपर्यंत फेटा आणि वाटी तिरकी करून ठेवा. सकाळी तळाशी जमलेलं पाण्यासारखं द्रव तेवढं घ्या. त्यात तितकंच पाणी घालून बोल खला. पहिला हात चहासारखा पातळ, पुढचे तीन किंचित दाट. जिथे सोनं यायचं तिथेच, कोरीव रेघेच्या दोन मिलिमीटर पुढे जाऊन. वाळल्यावर जाडसर सुती कापडाने चोळा, अंगाला मंद चमक यायला हवी. बोलचा लाल रंग वाया जात नाही: इतक्या पातळ सोन्यातून तो आतून ऊब देतो, आणि सोनं झिजलं की कडांना तोच डोकावतो.

वर्ख चामड्याच्या गादीवर घेऊन बोथट सुरीने अर्धा करा. उचलायला रुंद, चपटा, विरळ केसांचा कुंचला. तो आधी स्वतःच्या गालावरून एकदा फिरवा, त्वचेच्या तेलकटपणाने वर्ख त्याला धरतो. पानाचा एक छोटा भाग पाण्याने भरपूर ओला करा. पाण्यात चौथा हिस्सा अल्कोहोल असू द्या. पाणी अजून चकाकत असतानाच वर्ख त्यावर आणा आणि टेकवा न टेकवा इतपत खाली न्या. पुढचं काम पाणी करतं. वर्ख तुमच्या हातून खेचला जातो. खेचला गेला की हात लावायचा नाही, सुरकुती असली तरी नाही. पुढचा तुकडा दोन-तीन मिलिमीटर वर चढवून. पाणी आधी लावलेल्या सोन्यावर जाऊ देऊ नका, तिथे डाग उरतो. पूर्ण भाग झाला की राहिलेल्या भेगांवर लहान तुकडे त्याच रीतीने.

मग थांबायचं. किती, ते घड्याळ सांगत नाही. डिसेंबरच्या पुण्यात दोन-तीन तास पुरतात, समुद्राकाठी दुपार जाऊ शकते. अकीकाने एका कोपऱ्यात हलकेच टकटक करा. आवाज बद्द आला तर आत ओल आहे. कोरडा, टणक ‘टिक’ ऐकू आला की सुरू करा. घोटा आधी वजन न देता फिरवा, मग हळूहळू दाब वाढवा, एकाच दिशेत, मग आडवा. सोनं घोट्याबरोबर फरफटत निघालं तर तासभर थांबा. उलट काही केल्या चमक चढत नसेल तर उशीर झाला. तोंडाने हलकी वाफ सोडून पुन्हा बघा.

नीट घोटलेलं सोनं समोरून पाहिलं तर पिवळं दिसत नाही, काळपट दिसतं, आणि नवशिके घाबरतात. चेन्नीनीनेही लिहून ठेवलंय की सोनं स्वतःच्याच तेजाने काळसर वाटू लागलं म्हणजे घोटाई पुरी झाली. पान थोडं तिरकं करा, खिडकीचं आख्खं प्रतिबिंब त्यात येईल.

याच माणसाची एक तक्रार मला फार आवडते. वर्ख कुटणारे एका डुकाट नाण्यातून १४५ पानं काढतात, काढायला हवीत १०० च, असं तो म्हणतो. आज पातळ वर्खाबद्दल कुरकुरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. उपाय मात्र सोपा: जिथे बोल डोकावतोय तिथे तोंडाच्या वाफेने ओल देऊन वर्खाचा दुसरा थर लावा आणि पुन्हा घोटा.

पाचवी पायरी: ठसे

त्याच दिवशी, अस्तरात थोडी ओल असताना. पानाखाली टीपकागदाची गादी घ्या. पट्टी धरून बोथट टोकाच्या हाडाच्या किंवा पोलादी काडीने तिरप्या रेघा दाबा, आठ-नऊ मिलिमीटर अंतराने, मग उलट तिरक्या. समभुज चौकटींची जाळी तयार होते. छेदबिंदूंवर ठिपका, चौकटीच्या मधे लहान फूल किंवा किरणांचा सूर्य. ठोकायचं नाही, दाबायचं. हातोडीचा एक फटका कागदी गाभ्याला पुरेसा आहे, आणि तो चुकीच्या अर्थाने.

ठसे कशाला, असं वाटत असेल तर दिवे घालवून मेणबत्ती लावा आणि पान हातात हलवा. सपाट सोनं एकतर पूर्ण चमकतं किंवा पूर्ण विझतं. ठशांचं सोनं प्रत्येक कोनात कुठे ना कुठे उजेड पकडतं.

रेघा बुरुजाच्या कोरीव रेघेपाशी नेमक्या थांबल्या पाहिजेत. आणि वीज? ती रंगवू नका. वरच्या उजव्या कोपऱ्यातून बुरुजाच्या माथ्यापर्यंत दाट ठिपक्यांच्या तीन-चार किरणांनी ती सोन्यातच दाबा. हा माझा निर्णय आहे, कुठल्या पानावर असा पुरावा नाही. पण सोन्यावर लाल नागमोडी रेघ ओढली की पान लगेच विसाव्या शतकात येतं.

सहावी पायरी: रंग

आकृतीच्या आत आलेलं सोनं चाकूच्या टोकाने रेघेपर्यंत खरडा. घोटलेल्या सोन्यावर रंग नीट धरत नाही; ज्वाळांची टोकं सोन्यावर जाणार असतील तर तेवढंही खरडून काढा.

पिवळा बलक पांढऱ्यातून वेगळा करा, टीपकागदावर हलकेच लोळवून कोरडा करा, चिमटीत धरून पडद्याला टोचा आणि आतलं द्रव वाटीत सोडा. पडदा टाकून द्या. बलकाइतकंच पाणी आणि लवंगतेलाचा एक थेंब, बुरशी लांब राहते. रंगाची पूड आधी नुसत्या पाण्यात काचेवर खलून लोण्यासारखी करा, मग वापरताना तितकंच बलकाचं मिश्रण. परीक्षा काचेवर: वाळलेला पट्टा ब्लेडने खरवडला की चिवट पापुद्रा निघाला तर बरोबर, पूड झाली तर अंडं कमी. अंडं चालत नसेल त्यांनी बाभळीच्या डिंकात रंग खलावेत. हस्तलिखितांतली चित्रं डिंकातही होत असत.

रंग कोणते, हे लांबवण्यात अर्थ नाही. पिवळी माती, लाल माती, हिरवी माती, अल्ट्रामरीन, काजळी, पांढरा. जुना पांढरा शिशाचा होता आणि शेंदरी लाल पाऱ्याचा. दोन्ही विषारी, त्यांची पूड घरात आणू नका. टायटॅनियमचा पांढरा आणि एखादा आधुनिक लाल घ्या. कोरड्या पुडी खलताना मास्क लावाच. त्या काळी निळा लाजवर्द दगडाचा आणि सोन्याच्या तोलाचा महाग. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ नंतर आलं. म्हणून निळा जपून, जमिनीतल्या चार फुलांपुरता वापरलात तर तो मोलाचा दिसेल.

टेम्पराचा स्वभाव जलरंगासारखा नाही, पोस्टर कलरसारखा तर मुळीच नाही. तो क्षणात वाळतो, ओल्यात ओला मिसळत नाही. प्रत्येक रंगाच्या तीन छटा वाट्यांत आधीच करून ठेवा: गडद, मधली, फिकी. कुंचला बुडवा, बोटांनी पिळून काढा आणि बारीक, समांतर, लहान रेघांनी काम करा. बुरुजाला फिकट गुलाबी-राखाडी द्या, लाल माती आणि पांढऱ्यात काजळीचा कण. डावीकडून उजेड. आधी सावलीची बाजू, मग मधली, मग उजेडाची, आणि जिथे दोन छटा भिडतात तिथे मधल्या छटेच्या रेघा दोन्हींवर टाका. एकाच जागी तिसऱ्यांदा लगेच कुंचला फिरवलात तर खालचा थर उचलून येतो. थांबा, दुसरीकडे काम करा, परत या.

प्रत्येक दगडाचा सांधा काढायचा मोह आवरा. कडेचे आणि भेगेजवळचे काढा, मधली भिंत मोकळी ठेवा. ज्वाळांना आधी पिवळा पातळ हात, मग मुळाशी लाल रेघा, टोकं पिवळीच. जमिनीसाठी हिरवी माती आणि काजळी, त्यावर फिक्या हिरव्याची लहान लहान झुडपं. सगळ्यात शेवटी गडद तपकिरीने बाह्यरेषा, पण तीही सगळीकडे सारख्या जाडीची नको.

पुढचं पान माणसाचं करायचं ठरलं तर एवढं लक्षात ठेवा: त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा सपाट थर, त्यावर गुलाबीच्या तीन छटा, आणि सावल्यांत हिरवा राखायचा. चेन्नीनी तर शहरातल्या कोंबडीचा फिका बलक तरुणांच्या चेहऱ्याला आणि खेड्यातल्या कोंबडीचा गडद बलक म्हाताऱ्यांच्या चेहऱ्याला वापरायला सांगतो. एका पायाने उलटा टांगलेला माणूस हे पान मला पुढच्यासाठी सुचवावंसं वाटतं. इटलीत गद्दारांची अशी चित्रं भर रस्त्यात रंगवली जात, आणि खुद्द फ्रान्चेस्कोच्या बापाला, मूत्सिओ आत्तेन्दोलो स्फोर्त्साला, १४१२ मध्ये पोपपदाच्या एका दावेदाराने याच रीतीने चित्रात टांगलं होतं. त्याच्या मुलाच्या घरी खेळायच्या कॅटात हे पान होतं, याचा विचार करत रंगवा.

सातवी पायरी: पाठ, कड, साठवण

पाठ साधी लाल, कुठलीही नक्षी नाही. लाल रंग डिंकात खलून दोन हात द्या, पुढची बाजू मऊ कापडावर ठेवून. मग धारदार कटरने पोलादी पट्टीवर पान मापात कापा, एका झटक्यात नाही, पाच-सहा हलक्या फेऱ्यांत. जोर दिला की अस्तराचे टवके उडतात. मूळ पानांना वरच्या कडेजवळ खिळ्याचं भोक आहे, बहुधा कधीतरी भिंतीला टोचली गेली. ते भोक पाडून पान जुनं भासवायची गरज नाही.

वार्निश लावू नका. टेम्परा पूर्ण कडक व्हायला महिने लागतात, आणि सोन्यावर वार्निश म्हणजे सगळ्या घोटाईवर पाणी. पान आम्लविरहित कागदात, आडवं, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

पूर्ण कॅट हवा असेल तर

७८ पानं अशी हाताने करणं हे एका कारखान्याचं काम होतं, एकट्याचं नाही. हाताळायचा कॅट हवा असेल तर छपाईकडे वळा, पण स्कॅनरवर विसंबू नका. घोटलेलं सोनं स्कॅनमध्ये मातकट तपकिरी येतं. फोटो काढा: कॅमेरा वरून सरळ, दिवा एका बाजूने तिरका, आणि सोन्यासमोर पांढरा पुठ्ठा धरा म्हणजे त्याचं प्रतिबिंब सोन्यात उतरेल.

छापताना सोनेरी शाई नको. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे फॉइलचं काम होतं, तेच करून घ्या. त्यांना दोन फाइली लागतात: एक रंगांची, दुसरी फक्त फॉइलच्या जागेची, निव्वळ काळ्या रंगात. ठशांची जाळी या दुसऱ्या फाइलीत बारीक पांढऱ्या रेघांनी मोकळी सोडा. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर फॉइल ती भरून टाकतं. फॉइल आणि रंग छपाईत थोडे सरकतातच, म्हणून सोन्याच्या कडेखाली रंग अर्धा मिलिमीटर आत शिरू द्या, नाहीतर बुरुजाभोवती पांढरी फट दिसेल. कागद ३५० जीएसएम, चकाकी नसलेला. आणि आधी एकच पान छापून घ्या, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे धरून बघा, मगच बाकीच्या ७७ पानांना होकार द्या.